औंधचे दहा हजार रुपये



तंत्रज्ञानातले नवे उद्योग आणि त्यांच्या पाठीशी उभे राहणारे गुंतवणूकदार, असा आजचा विषय आहे. विषय ऐकला की डोळ्यांपुढे बंगळुरू येतं, कॅलिफोर्निया येतं, काचेच्या इमारती येतात. आज सुरुवात मात्र कुंडलच्या माळापासून करायची आहे. या मातीत असं पाठीशी उभं राहण्याचं काम ज्यांनी फार उमद्या मनाने केलं, त्यांच्यात औंधच्या राजाचं नाव पहिल्या ओळीत घ्यावं लागतं. त्या नावाला आपण चित्रकलेत मान देतो, सूर्यनमस्कारांत मान देतो. गुंतवणूकदार म्हणून तो मान द्यायचा राहून गेला आहे.

१९०९ साल सरत होतं. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर नावाचे गृहस्थ कारखाना गुंडाळायच्या विवंचनेत होते. ठळकवाडीची त्यांची जागा नगरपालिकेला वस्ती वाढवण्यासाठी हवी होती. वय चाळीस. जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. तरुणपणी चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत, हे तिथे कळलं आणि चित्रकला सुटली. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत, म्हणून ते मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले. हक्काची बढती डावलून दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला परतले. भाऊ रामुअण्णांबरोबर सायकली विकल्या, दुरुस्त केल्या, लोकांना चालवायला शिकवल्या. मग कडबा कापायचं यंत्र केलं. मग लोखंडी नांगर केला.

आणि तो नांगर विकला जाईना! लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं गेली.

आता एखाद्या बँकेच्या साहेबाच्या खुर्चीत बसून या माणसाकडे पाहा. जागा नाही. इंजिनिअरिंगची पदवी नाही. मुख्य माल गोदामात पडून. ज्यांनी तो घ्यायचा तेच त्याला भितात. वय असं की लोक या वयात मुलांच्या मुंजीचा विचार करतात. कर्ज द्याल? खरं सांगा, द्याल?

औंधला मंदिराच्या सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांकडे होतं, त्यामुळे दरबारात त्यांची ओळख होती. गादीवर होते भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, लोकांचे बाळासाहेब. जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा, म्हणजे लक्ष्मणरावांहून जेमतेम आठ महिन्यांनी मोठे. नोव्हेंबर १९०९ मध्येच त्यांच्याकडे संस्थानचा कारभार आला होता. स्वतः चित्रकार, पुढे रामायणावरची त्यांची चित्रं पुस्तकरूपाने आली. एकाने चित्रकला जन्मभर जपली, दुसऱ्याला ती सोडावी लागली, आणि दोघांची गाठ पडली ती लोखंडापाशी. लक्ष्मणरावांची अडचण कळल्यावर बाळासाहेबांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि वर १०,००० रुपयांचं बिनव्याजी कर्ज दिलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण १०,००० हा आकडा आजच्या कानाला लहान लागतो. औंध हे काही बडोदं नव्हतं. सुमारे ५०० चौरस मैलांचं संस्थान, तेही सलग नाही. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, गुणदाळ तर पार कानडी मुलुखात. पाऊस कमी, उत्पन्न बेताचं. अशा तिजोरीतून, गादीवर येऊन काही महिने झालेल्या राजाने, न विकल्या जाणाऱ्या नांगरावर एवढी रक्कम लावली. राजाने नांगर पाहिला असेलच, पण मुख्यतः पाहिला तो नांगर करणारा. दोन वर्षं माल पडून राहिला तरी हा माणूस फाळ सुधारतोच आहे, जोड सुधारतोच आहे, हे त्याला दिसलं.

आजचा पहिला मुद्दा हाच. चांगला गुंतवणूकदार आधी माणूस पारखतो, धंद्याचं गणित त्यानंतर मांडतो.

जागा कशी होती? कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळचा ३२ एकरांचा उजाड माळ. निवडुंग माजलेलं, नागसापांचा वावर, पाण्याची वानवा. १९१० च्या मार्चमध्ये लक्ष्मणराव पंचवीसेक कामगार आणि त्यांची बायकामुलं घेऊन तिथे उतरले. निवडुंग तोडायचं, साप मारायचे, राहुट्या ठोकायच्या आणि त्याच वेळी भट्टी पेटवायची. पण त्या माळाशेजारी एक गोष्ट लाखमोलाची होती, ती म्हणजे रेल्वे. कच्चं लोखंड आणि कोळसा रेल्वेने येणार, तयार नांगर रेल्वेने जाणार. राजाने ओसाड जमीन दिली हे खरं, पण रूळाला लागून दिली. दान आणि गुंतवणूक यांतला फरक बहुधा अशाच तपशिलात सापडतो.

कर्ज बिनव्याजी होतं, पण ते कर्जच होतं, बक्षिसी नव्हती. बक्षिसी घेणाऱ्याची मान खाली जाते आणि देणाऱ्याला फुकटची सत्ता मिळते. कर्जात दोघं समोरासमोर बसतात. शिवाय कारखाना किर्लोस्करांचाच राहिला. वसाहतीला नाव पडलं किर्लोस्करवाडी, आणि स्टेशनचं नावही पुढे तेच झालं. राजाने आपल्या जमिनीवर दुसऱ्याचं नाव लागू दिलं! आज पाच-दहा लाख लावून कंपनीत अर्धा वाटा मागणारे, पाटीवर आपलंही नाव हवं म्हणणारे जे लोक आहेत, त्यांनी किर्लोस्करवाडीच्या फलाटावर एकदा उतरून यावं.

मग त्या माळावर काय झालं? रामुअण्णांनी वसाहतीचा कारभार पाहिला. शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर अशी माणसं जमली आणि टिकली. तुरुंगातून सुटून आलेल्यांना लक्ष्मणरावांनी पहाऱ्यावर ठेवलं आणि त्यांनी विश्वास राखला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या अशी हकिगत सांगतात. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच साली तिथून एक मासिक निघालं. पुढे 'किर्लोस्कर' म्हणून ते घरोघर गेलं, हे या सभागृहातल्या ज्येष्ठांना सांगायला नकोच. नांगरामागून शेंगा फोडायची यंत्रं आली, उसाचे चरक आले, पंप आले, डिझेल इंजिनं आली. पश्चिम महाराष्ट्रातल्या विहिरींवर जे पाणी चढलं, त्यात या ३२ एकरांचा मोठा वाटा आहे.

आणि औंधचा राजा एकाच कारखान्यावर थांबला नाही. कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काचकारखाना काढला, त्यालाही पंतप्रतिनिधींचा आधार होता. तीच ओगलेवाडी, आणि तिथलाच प्रभाकर कंदील. वीज नसलेल्या किती घरांत त्याच्या उजेडात अभ्यास झाला असेल! काच ओतणं म्हणजे त्या काळी अत्यंत बेभरवशाचं तंत्र. भट्टीचं तापमान जरा चुकलं की घाणा सगळा वाया. तरी राजा पाठीशी राहिला. ओगल्यांचा कारखाना पुढे काही दशकांनी मंदावला, बंद पडला. मग गुंतवणूक फुकट गेली का? दोन-तीन पिढ्यांना काम मिळालं, हजारो घरांत उजेड पोहोचला. गुंतवणुकीचा हिशेब शेवटच्या पानावरून करायचा नसतो.

त्याच काळात पैसाफंड होता. अंताजी दामोदर काळे गावोगाव हिंडून माणशी एक पैसा मागत होते. टिळकांनी त्यांना बळ दिलं आणि त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना उभा राहिला. काच शिकवायला ईश्वरदास वार्ष्णेय आले. त्यांनी ते शिक्षण जपानात आणि अमेरिकेत घेतलं होतं. हजारो लोकांनी थोडे थोडे पैसे घालून नवं तंत्र उभं करायचं, ही कल्पना आज इंटरनेटवर नवी म्हणून मिरवते. तळेगावात ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी चालवून दाखवली गेली आहे.

कोणी म्हणेल, ते राजे होते. त्यांच्याकडे जमीन होती, तिजोरी होती. आज राजे कुठून आणायचे?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला किर्लोस्करवाडीहून जमशेदपूरला जावं लागतं. लक्ष्मणराव कुंडलच्या माळावर उतरले, त्याच सुमारास तिकडे साकचीला टाटांचा पोलाद कारखाना उभा राहत होता. त्या जमशेदपुरात १९४४ मध्ये एका मराठी घरात सुहास पाटील यांचा जन्म झाला. वडील टाटांच्या पोलाद कारखान्यात. सुहास पाटील १९६५ मध्ये खरगपूरच्या आयआयटीतून इंजिनिअर झाले, अमेरिकेत एमआयटीला गेले, १९७० मध्ये डॉक्टरेट घेतली आणि तिथेच शिकवू लागले. पुढे युटा विद्यापीठात प्राध्यापक झाले.

संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलांना त्यांचं नाव एका कोड्यामुळे माहीत असतं. १९७१ मध्ये त्यांनी ते मांडलं. तीन माणसं टेबलाभोवती बसली आहेत, तिघांनाही विडी ओढायची आहे. एकाकडे फक्त तंबाखू, दुसऱ्याकडे फक्त कागद, तिसऱ्याकडे फक्त काड्या. टेबलावर कोणी तरी दरवेळी दोन वस्तू आणून ठेवतो. ज्याच्याकडे उरलेली तिसरी असेल त्यानेच त्या उचलायच्या, एकमेकांचा खोळंबा होऊ द्यायचा नाही. हे सगळं संगणकाला कसं समजवायचं, हा प्रश्न. शास्त्रीय प्रश्न आहे, त्याला शास्त्रातच राहू द्यावं. पण नव्या उद्योजकाची स्थिती याहून वेगळी असते का? त्याच्याकडे एक वस्तू भरपूर असते, ती म्हणजे कसब. उरलेल्या दोन, भांडवल आणि गिऱ्हाईक, बाहेरून कोणी तरी टेबलावर ठेवल्याशिवाय जाळ लागत नाही.

१९८१ मध्ये पाटलांनी सॉल्ट लेक सिटीत स्वतःची कंपनी काढली, पाटील सिस्टिम्स. चिपचा आराखडा संगणकाच्या मदतीने झटपट कसा करायचा, याची त्यांनी शोधलेली पद्धत हे तिचं भांडवल. १९८४ मध्ये कंपनी सिलिकॉन व्हॅलीत आली आणि तिचं नाव सिरस लॉजिक झालं. स्वतःचा चिपचा कारखाना न बांधता, आराखडे आपण करायचे आणि उत्पादन दुसऱ्याकडून करून घ्यायचं, या वाटेने चालणाऱ्या सुरुवातीच्या कंपन्यांपैकी ती एक. पाटील संशोधक होते, कंपनी चालवणं हे वेगळं कसब आहे हे त्यांनी ओळखलं आणि मायकेल हॅकवर्थ यांना प्रमुख म्हणून आणलं. नावाची पाटी बदलणं आणि खुर्ची दुसऱ्याला देणं, या दोन्ही गोष्टी संस्थापकाला फार जड जातात. पाटलांनी त्या केल्या. १९८९ मध्ये सिरस शेअर बाजारात आली. आयफोनमधून जो आवाज ऐकू येतो, त्यामागच्या चिप्स ही कंपनी वर्षानुवर्षं पुरवत आली आहे.

इथवरची गोष्ट यशस्वी उद्योजकाची. अशा गोष्टी पुष्कळ आहेत. पाटील मोठे वाटतात ते यानंतर त्यांनी जे केलं त्यासाठी.

त्या काळी सिलिकॉन व्हॅलीत भारतीय माणसाबद्दल एक मत पक्कं होतं. हा उत्तम इंजिनिअर, हाताखाली ठेवावा असा. कंपनी चालवणं याचं काम नाही. कंवल रेखी यांच्या एक्सेलान कंपनीतही गुंतवणूकदारांनी प्रमुखपदी आधी बाहेरची माणसं बसवली होती. रेखींची पाळी नंतर आली. कर्तृत्व होतं, पण शब्द टाकणारं कोणी नव्हतं. १९९२ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याचे सचिव तिथे यायचे होते. त्यांना भेटायला भारतीय उद्योजक जमले आणि पाहुण्यांचं विमान लांबलं. वाट पाहता पाहता ही मंडळी आपसांत बोलू लागली. प्रत्येकाने तेच खाचखळगे एकट्याने पार केले होते. पुढच्या मुलांनी ते पुन्हा एकट्याने का पार करावेत? त्या बोलण्यातून एक संस्था उभी राहिली, द इंडस आंत्रप्रनर्स, म्हणजे टाय. पहिले अध्यक्ष सुहास पाटील.

टायचं काम कसं चालतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. धंद्यात स्थिरावलेली माणसं सभासद होतात. वर्गणीही तेच भरतात आणि वेळही तेच देतात. तरुण येतो, कल्पना मांडतो. ज्येष्ठ ऐकतात, चुका दाखवतात, कोणाला भेटायचं ते सांगतात, कधी स्वतः फोन उचलतात. पैसे घालायचं बंधन कोणावर नाही. पटलं तर घालतात. इतकंच. ज्याला मदत झाली त्याने पुढे दुसऱ्याला करावी, एवढीच अपेक्षा, तीही कागदावर नाही.

मग परिणाम काय झाला? १९९८ पर्यंतच्या दोन दशकांत सिलिकॉन व्हॅलीत ज्या तंत्रज्ञान कंपन्या निघाल्या, त्यांचा बर्कलीच्या ॲनाली सॅक्सेनियन यांनी अभ्यास केला. ७७४ कंपन्यांचे प्रमुख भारतीय निघाले, म्हणजे सुमारे ७ टक्के. हे सगळं श्रेय टायचं, असं म्हणणं खोटं ठरेल. पण सॅक्सेनियन यांनी अशा संस्थांची दखल मुद्दाम घेतली, कारण माणसं एकमेकांना हात देत वर चढल्याचं त्यांना दिसलं. आज टायच्या शाखा अनेक देशांत आहेत. मुंबईत आहे, पुण्यात आहे.

तेव्हा आजचा दुसरा मुद्दा. तरुण उद्योजकाला गुंतवणूकदाराकडून मिळणारी सर्वांत महाग वस्तू म्हणजे त्याची संध्याकाळ. चेक लिहायला मिनिटभर लागतं. एखाद्या मुलाचा हिशेब दोन तास वाचायचा, त्यातली एक चूक बोटाने दाखवायची, पंधरा दिवसांनी पुन्हा बसायचं, याला जी किंमत पडते ती श्रीमंतालाही जड असते. पाटलांच्या पिढीने ती मोजली.

अमेरिकेतलंच आणखी एक उदाहरण. २००५ च्या मार्चमध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने हार्वर्डच्या मुलांपुढे भाषण केलं, कंपनी कशी काढावी या विषयावर. त्याने स्वतःची कंपनी १९९८ मध्ये याहूला विकली होती. व्हर्जिनियाहून दोन विद्यार्थी, स्टीव्ह हफमन आणि ॲलेक्सिस ओहानियन, ते भाषण ऐकायला मुद्दाम आले. ग्रॅहम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लगेच वाय कॉम्बिनेटर नावाचा उपक्रम काढला: लहान रक्कम, माणशी सुमारे ६,००० डॉलर, वाटा सहाएक टक्के, तीन महिने सोबत आणि दर आठवड्याला एकत्र जेवण. त्या दोघांनी अर्ज केला. फोनवरून जेवण मागवायची त्यांची कल्पना होती. ती नाकारली गेली. पोरं परतीच्या गाडीत बसली, आणि दुसऱ्या दिवशी ग्रॅहमचा फोन आला: कल्पना दुसरी घ्या, पण तुम्ही दोघं या. त्यातून रेडिट ही वेबसाइट झाली. न विकल्या जाणाऱ्या नांगरामागचा माणूस पाहणारा राजा आणि चुकीच्या कल्पनेमागची पोरं पाहणारा हा प्रोग्रॅमर, दोघांची नजर एकाच जातीची आहे.

आता घरी परतायला हवं. भाईंदरहून रस्त्याने पवई फार लांब नाही. तिथल्या आयआयटीत २००४ मध्ये साईन नावाची संस्था सुरू झाली. नव्या कंपन्यांना कॅम्पसमध्ये टेबल-खुर्ची द्यायची, प्रयोगशाळा उघडी ठेवायची, प्राध्यापकांचा सल्ला द्यायचा, हे तिचं काम. तिथे वाढलेल्या आयडियाफोर्जने ड्रोन केले. 'थ्री इडियट्स' सिनेमात हवेत उडणारं ते यंत्र आठवतं? ते या मुलांनी केलेलं. २०१३ च्या उत्तराखंडच्या महापुरात त्यांचे ड्रोन अडकलेली माणसं शोधायला वापरले गेले. जुलै २०२३ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. सुरुवात २००७ ची, म्हणजे २००७ ते २०२३, सोळा वर्षं! तरुणांच्या मागे उभं राहायचं असेल त्याने आधी हा आकडा पाठ करावा. दोन वर्षांत दामदुपटीची अपेक्षा असणाऱ्याने सोनं घ्यावं, त्यात काही कमीपणा नाही.

पुण्यात आनंद देशपांडे आहेत. अमेरिकेत पीएच.डी. केली, ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत काम केलं, १९९० मध्ये परत येऊन पर्सिस्टंट सिस्टिम्स काढली आणि वीस वर्षांनी ती शेअर बाजारात नेली. त्यानंतर त्यांनी देआसरा फाउंडेशन काढलं, आणि ते मुख्यतः छोट्या उद्योजकांसाठी आहे. पोळीभाजी केंद्र, दुकान, वर्कशॉप सुरू करणाऱ्याला नोंदणी कशी करायची, कर्ज कसं मागायचं, हिशेब कसा ठेवायचा हे तिथे शिकवलं जातं. संगणकाच्या दुनियेत नाव कमावलेल्या माणसाला पोळीभाजी केंद्रही उद्योगच वाटतो, ही दृष्टी फार मोलाची आहे.

आणि आता भाईंदर. हे शहर स्वतःला मुंबईचं झोपायचं गाव समजतं. सकाळी चर्चगेटची लोकल, रात्री परत. पण भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत शिरा. गाळ्यामागे गाळा, आणि गाळ्यागाळ्यात स्टीलची भांडी. पत्र्याचं गोल सर्कल प्रेसखाली जातं, डायमध्ये दाबलं जातं, एका दणक्यात पातेल्याचं पोट उतरतं. कड छाटली जाते. मग बफिंगच्या चाकापुढे माणूस बसतो, नाकाला फडकं बांधून, आणि काळपट भांडं आरशासारखं करून बाजूला ठेवतो. त्याच्या भुवयांवर, पापण्यांवर राखाडी धूळ बसलेली असते. पॉवर प्रेस चालवणाऱ्याच्या बोटांना काय धोका असतो, ते इथल्या गाळेमालकांना सांगायला नको.

या शहरात इंजिनिअरिंगची मुलं किती आहेत? प्रत्येक सोसायटीत आहेत. त्यांतल्या एखादीला वाटलं की हात आत असताना प्रेस खाली येऊच नये असा सेन्सर बसवावा, तर ती तो तपासणार कुठे? बफिंगची धूळ ओढून घेणारं स्वस्त यंत्र एखाद्याने काढलं, तर पहिले सहा महिने ते कोण वापरून पाहणार? उत्तनच्या कोळीवाड्यात बोंबील वाळतात. पाऊस अवेळी आला की माल जातो. तो आडोशाला, कमी विजेत वाळवायची सोय कोणी करू म्हणालं, तर त्याला जेटीवर घेऊन जाऊन चार माणसांची गाठ कोण घालून देणार? यातल्या कशालाही कोट्यवधी रुपये लागत नाहीत. एक प्रेस लागतो, एक डाय लागतो, आणि आपल्या चालत्या धंद्यात परक्या पोराला लुडबुड करू देणारा एक मालक लागतो.

हा आजचा तिसरा आणि शेवटचा मुद्दा. लक्ष्मणरावांच्या नांगराला गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं लागली. पहिलं गिऱ्हाईक होणं हीसुद्धा गुंतवणूकच आहे, आणि भाईंदरच्या गाळेमालकाला ती जितकी सहज जमेल तितकी ती मलबार हिलवरच्या कोणाला जमणार नाही. त्याला लोखंड कळतं. त्याला माल उधारीवर देणारा कळतो आणि उधारी बुडवणाराही कळतो. पत्र्याचा भाव दिवसात दोनदा बदलला तर काय होतं, हे त्याला कोणत्याही कॉलेजातल्या प्राध्यापकापेक्षा जास्त कळतं. हे ज्ञान त्याच्याबरोबर निवृत्त होऊन जाऊ नये.

म्हणून आयोजकांना एक सूचना करून थांबायचं आहे. या व्याख्यानमालेला धंद्यातले लोकही येतात, कॉलेजची मुलंही येतात, फक्त ते वेगवेगळ्या रांगांत बसतात. दहा-बारा गाळेमालकांनी महिन्यातून एक संध्याकाळ द्यावी, आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आपला प्रेस तीन तास, आपल्या कारागिराच्या देखरेखीखाली, एका मुलाला किंवा मुलीला वापरू द्यावा. वाटा मागायची घाई करू नये. मागितलाच तर कंपनी त्या पोराची राहील इतका थोडा मागावा. कागद साधा करावा, पण करावा, तोंडी ठेवू नये. मोडतोड झाली तर खर्च कोणाचा, हे त्यात लिहावं. पहिल्या भेटीत पैशाचा विषय काढूच नये. ही वस्तू कोणाला हवी आहे, त्याला तू भेटलास का, आणि तो काय म्हणाला, एवढंच विचारावं. मुलं भेटलेली नसतील तर त्यांना आपल्या स्कूटरवर मागे बसवून शेजारच्या गाळ्यात घेऊन जावं.

अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. त्यात गाळेमालकांनी आधी बोलावं. ही सूचना अमलात आणताना विमा, वीज आणि कामगारांच्या सुरक्षेच्या ज्या अडचणी त्यांना दिसत असतील, त्या आजच इथे मांडाव्यात.